जंताघर आणि हॉट योगा : उष्णतेचे औषध

आरोग्यासारखा दुसरा लाभ नाही, ही तथागतांची शिकवण आपण सर्वजण जाणतो. परंतु आरोग्य राखण्यासाठी नेमके काय करावे, याविषयी आज इतके सल्ले कानावर येतात की सामान्य माणूस गोंधळून जातो. अलीकडे तरुण मुलामुलींच्या तोंडी ‘हॉट योगा’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. मोबाईलवर त्याची चित्रे दिसतात, मोठ्या शहरांत भरमसाट फी घेऊन त्याचे वर्ग चालतात, आणि तापवलेल्या खोलीत घाम गाळला की शरीरातील सर्व विष निघून जाते, असे सांगितले जाते. आपल्या महाबळेश्वरसारख्या थंड आणि दमट गावात तर उबेचे आकर्षण अधिकच. म्हणून हा प्रकार आहे तरी काय, त्याचे शरीराला व मनाला खरे फायदे कोणते, धोके कोणते, आणि बुद्धाच्या संघात उष्णतेचा उपयोग कसा केला जात होता, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

हॉट योगा म्हणजे काय?

नेहमीचीच योगासने मुद्दाम तापवलेल्या खोलीत करणे म्हणजे हॉट योगा. हा प्रकार जगभर पसरवला तो कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधुरी यांनी. योगानंदांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत जाऊन वर्ग सुरू केले. त्यांच्या पद्धतीत २६ आसने आणि श्वसनाचे २ प्रकार ठराविक क्रमाने ९० मिनिटांत करावयाचे असतात. खोलीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सियस आणि हवेतील आर्द्रता सुमारे ४० टक्के ठेवलेली असते. म्हणजे वैशाखातल्या दुपारी बंद पत्र्याच्या खोलीत दीड तास व्यायाम करण्यासारखेच झाले.

या प्रकाराचा पुढचा इतिहास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. या आसनांच्या क्रमावर आपली मालकी आहे, असा चौधुरी यांचा दावा होता. २०१५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. व्यायामाच्या क्रमावर अशी मालकी सांगता येत नाही, असा निर्णय दिला. पुढे २०१६ साली त्यांच्याच संस्थेतील एका माजी महिला कायदा सल्लागाराने लावलेल्या छळाच्या व बेकायदा बडतर्फीच्या दाव्यात लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्यांच्याविरुद्ध निकाल देऊन मोठी भरपाई ठरवली. गुरू सांगतो म्हणून किंवा पुष्कळ लोक करतात म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, स्वतः पारखून पाहा, हा कालाम सुत्तातील उपदेश येथे आठवल्याशिवाय राहत नाही. गुरूचे वर्तन एका बाजूला ठेवून आपण पद्धतीचीच पारख केली पाहिजे.

भिक्खुसंघातील जंताघर

घाम काढून शरीर हलके करणे ही काही अमेरिकेची नवी विद्या नव्हे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याची फार सुंदर हकीकत आहे. वैशालीत भिक्खूंना भारी भारी भोजने मिळू लागली. पोटभर मिष्टान्न आणि अंगाला हालचाल कमी, त्यामुळे भिक्खूंची शरीरे जड झाली व ते वारंवार आजारी पडू लागले. त्या वेळी जीवक वैशालीत आला होता. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकलेला, राजा बिंबिसाराचा आणि संघाचा हा वैद्य. भिक्खूंची अवस्था पाहून तो भगवंतांकडे गेला आणि त्याने दोन गोष्टींची परवानगी मागितली. एक चंकम, म्हणजे येरझारा घालण्याची जागा; आणि दुसरी जंताघर, म्हणजे अग्नीने तापवलेले घाम काढण्याचे घर. भगवंतांनी दोन्ही गोष्टींना अनुज्ञा दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीवकाने केवळ गरम खोली मागितली नाही. चालणे आधी आणि शेक नंतर, अशी त्याची जोडी होती. व्यायाम आणि उष्णता यांची सांगड घालण्याची कल्पना आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की तेथे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या जात. तापलेल्या खोलीत कोणी कसरत करीत नसे.

विनयात जंताघराच्या बांधणीचे बारीकसारीक नियम आहेत. पाणी शिरू नये म्हणून जोते उंच असावे. विटा, दगड किंवा लाकूड वापरून ते बांधावे. लहान जंताघरात अग्नीची जागा एका बाजूला आणि मोठ्यात मध्यभागी असावी. धूर बाहेर जाण्यासाठी धुराडे असावे. त्याला पालीत ‘धूमनेत्त’ म्हणतात. तोंडाला आच लागते म्हणून तोंडाला माती लावण्यास परवानगी होती. बसण्यासाठी चौरंगासारखे पीठ, पाण्याची सोय, सांडपाण्याला मोरी, सारे काही सांगितले आहे. प्रत्येक अडचण आली की त्यावर नवा नियम, अशा रीतीने हे नियम तयार झाले. अनुभवावरून सुधारणा करण्याची ही पद्धत आजच्या विज्ञानाला शोभेल अशीच आहे.

जंताघरात वागण्याचेही नियम होते. आधी येणाऱ्याने साचलेली राख काढावी, झाडलोट करावी. थेरांना खेटून बसू नये, पण नव्या भिक्खूंनाही जागेवरून उठवू नये. शक्य असेल तर वृद्धांचे अंग चोळून द्यावे. शेवटी निघणाऱ्याने चिखल धुवावा, पीठे जागच्या जागी ठेवावीत, अग्नी विझवावा आणि दार लावून जावे. संघात थोरपण जन्मावर नव्हे तर दीक्षा कधी घेतली यावर ठरत असे. न्हावी कुळातील उपाली हा शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षित झाला, म्हणून तो त्यांना ज्येष्ठ ठरला. अशा संघाच्या जंताघरात जातीने कोणाची जागा ठरत नव्हती. आपल्या पोलादपूर घाटाच्या पायथ्यापलीकडे असलेल्या महाडला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, हे आठवले म्हणजे या साध्या नियमांचे मोल समजते.

महावग्गाच्या औषधांच्या भागात पिलिंदवच्छ थेरांची हकीकत आहे. त्यांना अंगात वाताचा त्रास होता. त्यांच्यासाठी ‘सेदकम्म’, म्हणजे घाम काढण्याचा उपचार, आणि औषधी पाल्याचा शेक यांना परवानगी दिली गेली. श्रीलंकेत अरणकेले येथील प्राचीन अरण्यविहारात जंताघराचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. आपल्या सातारा जिल्ह्यातही कराडजवळ आगाशिवची आणि वाईजवळ लोहारे येथील बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्याचे महिने दगडात कोरलेल्या खोल्यांत काढणाऱ्या भिक्खूंना कोरड्या उबेचे किती महत्त्व वाटत असेल, याची कल्पना महाबळेश्वरकरांना सहज यावी.

शरीराला होणारे फायदे

उष्णतेने शरीरात काय घडते? आपल्या शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेर उष्णता वाढली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे रक्त अधिक वाहू लागते, हृदयाचे ठोके वाढतात आणि घाम सुटतो. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. स्नायू ऊबदार झाले की ते अधिक लवचीक होतात. आखडलेली मान, कंबर, गुडघे मोकळे होतात. आमच्यासारखे दिवसभर बँकेच्या खुर्चीत बसणारे, शाळेत उभे राहणारे शिक्षक, थंडीत सांधे धरणारी वडीलधारी माणसे, या सर्वांना ऊब बरी वाटते ती यामुळेच. आपल्या आज्या बाळंतिणीला शेकशेगडी देत, सर्दीला वाफारा देत, त्यामागे हाच अनुभव होता.

फिनलंड देशात घाम काढण्याची खोली, म्हणजे सौना, घरोघरी असते. तेथे २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे अभ्यास करण्यात आला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. अर्थात जे लोक मुळात निरोगी व सुस्थितीत असतात तेच सौनाला अधिक जात असतील, हीही शक्यता असते. म्हणून अशा अभ्यासावरून एकदम निष्कर्ष काढू नये.

हॉट योगाविषयीचा एक अभ्यास मात्र अधिक नेमका आहे. अमेरिकेत टेक्सास येथे ४० ते ६० वयाच्या, बैठे काम करणाऱ्या लोकांचे गट करण्यात आले. एका गटाने ४०.५ अंश तापमानात, तर दुसऱ्याने २३ अंश तापमानात तीच आसने १२ आठवडे केली. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तवाहिन्या प्रसरण पावण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. म्हणजे रक्तवाहिन्यांना झालेला हा फायदा आसनांचा होता, तापवलेल्या खोलीचा नव्हे. ज्याच्याकडे महागड्या वर्गाची फी नाही त्याने खंत करण्याचे काहीच कारण नाही.

घामावाटे विष निघून जाते, हा समजही तपासून घ्यावा. घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. शरीरातील टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्याचे मुख्य काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. वर्गानंतर वजनकाट्यावर एक-दीड किलो कमी दिसते ते पाणी गेल्यामुळे. दोन तांबे पाणी प्याले की ते परत येते.

मनाला होणारे फायदे

दीड तास एका जागी, मोबाईल दूर ठेवून, श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष देणे हाच मुळात मनाचा व्यायाम आहे. उकाड्यात मन कुरकुरू लागते, दार उघडून बाहेर पळावेसे वाटते. त्या वेळी शांतपणे श्वासाकडे परत येणे, अस्वस्थता येते आणि जाते हे पाहणे, याने सहनशीलता वाढते. परीक्षेच्या काळात घाबरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ही सवय उपयोगी पडेल.

याला आता थोडा पुरावाही मिळाला आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथे मध्यम ते तीव्र नैराश्याचे ८० रुग्ण निवडून त्यांतील निम्म्यांना आठ आठवडे हॉट योगाच्या वर्गाला पाठवण्यात आले आणि निम्म्यांना थांबवून ठेवण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात योग करणाऱ्यांपैकी जवळजवळ ६० टक्के लोकांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. थांबलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. ही आशादायक गोष्ट आहे. परंतु गुण उष्णतेने आला, आसनांनी आला की चार माणसांत जाऊन बसल्याने आला, हे या अभ्यासावरून वेगळे करता येत नाही. आपल्या घरात कोणी सतत उदास असेल, झोप व जेवण सुटले असेल, तर त्याला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. योग ही त्या उपचाराला जोड आहे.

औषध आणि तप यांतील फरक

येथे आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. सिद्धार्थ गौतमांनी बोधीपूर्वी जी कठोर तपश्चर्या केली, तिचे वर्णन मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात आहे. श्वास कोंडून त्यांनी ध्यान केले, तेव्हा अंगात असा दाह उठला की जणू दोन बलवान माणसे एका दुबळ्या माणसाला धरून निखाऱ्यांवर भाजत आहेत. एवढे सोसूनही ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला, अन्न घेतले आणि मध्यम मार्ग शोधला. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तपश्चर्येच्या त्यागाचा हा प्रसंग मांडला आहे.

ज्या शास्त्याने देहदंडाची उष्णता टाकून दिली, त्यानेच पुढे आजारी भिक्खूंसाठी जंताघराची उष्णता स्वीकारली. यात विसंगती नाही. पहिली उष्णता शरीराला शिक्षा म्हणून होती, दुसरी औषध म्हणून. औषधाला मात्रा असते, कारण असते आणि थांबण्याची वेळ असते. चक्कर येत असतानाही ‘बाहेर जाऊ नका, सोसा’ असे जो शिक्षक सांगतो, तो औषध देत नाही, तप करायला लावतो. तेथून उठून बाहेर यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेगडीचा धोका

महाबळेश्वरकरांना एक गोष्ट अगदी कळकळीने सांगावयाची आहे. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी कधी कधी दवबिंदू गोठतात. अशा ठिकाणी कोणाला वाटेल की दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवली की झाली गरम खोली. असे कधीही करू नये. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावतो. व्यायाम करताना श्वास जोरात चालतो, म्हणून धोका आणखी वाढतो. बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर आणि घरातला पेटता बंब यांनाही हेच लागू आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जंताघराला धुराडे होते, आणि आपल्या बंद खोलीला नसते, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी एखादा जीव वाचेल.

कोणी करू नये?

गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाचे रुग्ण, मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे, लघवी वाढवणारी औषधे घेणारे, वारंवार चक्कर येणारे आणि तापातून उठलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापलेल्या खोलीत व्यायाम करू नये. मद्य घेतलेल्या माणसाने तर मुळीच नाही. पंचशील पाळणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. दमट खोलीत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि आतले तापमान चढत जाते. डोके गरगरणे, उलटी, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. माणसाला ताबडतोब सावलीत किंवा गार जागी आणावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आणखी एक विचार. सातारा-सांगली भागात आपले कितीतरी बांधव ऊसतोडीला, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर दिवसभर राबतात. त्यांना उष्णता विकत घ्यावी लागत नाही; ती त्यांच्या अंगावर पडतेच. त्यांना हॉट योगा नको, तर सावली, पिण्याचे पाणी आणि दुपारची विश्रांती हवी. बैठ्या माणसाने घाम गाळावा आणि राबणाऱ्याला विसावा मिळावा, हाच आरोग्यातला मध्यम मार्ग होय.

आपण काय करावे?

अंगुत्तर निकायात चंकमाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाचे बळ येते, कष्ट करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. याला एक पैसा लागत नाही. सकाळी अर्धा तास भरभर चालावे. अंगातून बारीक घाम येऊ लागला की घरी किंवा विहारात, खिडकी थोडी उघडी ठेवून, आसने करावीत. थंडीत स्वेटर घालून सुरुवात करावी आणि अंग तापले की काढावा. बाहेरची भट्टी लागत नाही. शरीर स्वतःच आपले जंताघर तयार करते.

आपल्याच सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि १९३८ साली त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक परदेशात गाजले. नावातील नमस्कार ज्यांना मान्य नाही त्यांनी तो केवळ व्यायाम म्हणून करावा. स्नायूंना नावाशी कर्तव्य नसते. दहा-बारा आवर्तनांत महाबळेश्वरच्या डिसेंबरातही अंग तापते. व्यायामानंतर दहा मिनिटे आडवे पडावे, मग दहा मिनिटे आनापान करावे आणि पाणी प्यावे. कोणाला शहरात जाऊन हॉट योगा करावयाचाच असेल, तर प्रकृती तपासून घ्यावी, पहिले काही दिवस अर्धाच वेळ बसावे, आणि जेथे बाहेर पडण्याची मोकळीक नाही तेथे जाऊ नये.

आपल्या संस्थेने विहारात आठवड्यातून दोन दिवस सकाळी सामुदायिक चंकम आणि आसनांचा वर्ग सुरू करावा, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते. ज्येष्ठांना पुढची जागा असावी, नव्यांना कोणी उठवू नये, आणि शेवटी निघणाऱ्याने सतरंजी झटकून, घडी घालून, दार लावून जावे. जंताघराचे हे नियम आपल्या विहारालाही जसेच्या तसे लागू पडतील.

सर्व सभासदांना आणि विद्यार्थी मित्रांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!